वहिनीच्या तोंडून

९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

परवा फोन केलास, पण तुझा आवाज दारापर्यंत येऊन परत गेला. मला फक्त "हो" आणि "बरं" एवढंच ऐकू आलं, आणि तेही मीच म्हणत होते. डावा कान लहानपणापासून नावापुरता होता, आता उजव्यालाही त्याचा गुण लागलाय. कानात घालायचं यंत्र आहे, पण फोन जवळ नेला की ते शिट्ट्या मारतं. तेव्हा आपलं पत्रच बरं.

दादा जाऊन चार महिने झाले. माझं कमरेचं हाड नेमकं तो दवाखान्यात गेला त्याच आठवड्यात मोडायचं होतं. पायाला वजन लावून मी पलंगावर पडले होते आणि तिकडे माझा एकुलता एक भाऊ गेला. शेवटचं तोंडही बघितलं नाही. त्यावर जास्त लिहीत नाही, लिहिलं की कागद खराब होतो.

आता मुद्द्याचं. दुकान विकून टाक आणि माझ्याकडे ये. इथे मी आणि माझी काठी, दोघीच. वरची खोली रिकामी आहे, सकाळचं ऊन थेट अंथरुणावर येतं. दोघी मिळून भांडू, खाऊ, झोपू.

राग मानू नकोस, पण ते दुकान दादा बोलायचा म्हणून चालायचं. इटलीच्या आणि फ्रान्सच्या त्या भारी लाल वाइन म्हणजे काही मीठ-साखर नव्हे, की माणूस आला, बोट दाखवलं आणि घेऊन गेला. एकेका बाटलीवर दादा अर्धा तास बोलायचा, तेव्हा कुठे ती जागची हलायची. आणि तू इतकी वर्षं मागे बसून बाटल्या कागदात गुंडाळल्यास. "पिशवी देऊ का" यापलीकडे गिऱ्हाइकाशी तुझं संभाषण गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. आता तिथे बोलणार कोण?

लवकर हो म्हण. नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हण, म्हणजे मला ऐकू येणार नाही.

तुझी नणंद

---

२१ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं. पत्र उशीखाली ठेवलंय. पण दुकान विकायचं माझ्या मनात नाही. घरी बसले की घर खायला उठतं. दुकानात निदान हात कामात असतात. सकाळी पुढची काच पुसायची, कागदाचे तुकडे मापात कापून ठेवायचे, दोरीचं रीळ भरायचं, मग दार उघडायचं.

सुरुवातीला मी तळघरात जातच नव्हते. वरच्या फळ्यांवरच्या साध्या बाटल्या तेवढ्या विकायची. चांगला माल सगळा खाली आहे. उजव्या हाताला इटली, डाव्या हाताला फ्रान्स, सगळ्या बाटल्या आडव्या, म्हणजे बुचं ओली राहतात. तुमचे दादा म्हणायचे, इटली बडबडी आहे, तिला जिन्याजवळ ठेवावी. फ्रान्सला आत, तिला गडबड सोसत नाही. त्यांच्यामागे खाली पाय टाकायचा धीर होत नव्हता.

मग आपले ते दातांचे डॉक्टर आले, समोरच्या इमारतीतले. बायकोच्या वाढदिवसासाठी त्यांना इटलीची बरोलो हवी होती. ती वर नसते. मी दिवा लावला आणि त्यांना घेऊन उतरले. बाटली दिली, वर येऊन गुंडाळली, ते गेले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आले, खूश होते. म्हणाले, "तुमची सासऱ्याची युक्ती लागू पडली. बरोलो म्हणजे रुसलेला सासरा, आधी त्याला तासभर एकट्याला बसू द्यायचं, मग तो आपणहून बोलायला लागतो. अगदी तसंच झालं."

मलाही हसू आलं. नंतर आठवून आठवून थकले, पण हे मी कधी म्हटलं ते आठवेना. हे वाक्य यांचं आहे. असेल माझ्या तोंडून निघालं. इतकी वर्षं ऐकल्यावर भिंतीही बोलायला लागतात, मी तर माणूस आहे.

तेव्हापासून डॉक्टरांनी चार लोकांना सांगितलं आणि गिऱ्हाईक यायला लागलंय. खालचाच माल जास्त जातो. तेव्हा काळजी नसावी. कंबर जपा.

तुमची
वहिनी

---

३ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

बोलणाऱ्या भिंती मी पुष्कळ ऐकल्यात, पण त्या बहुतेक संध्याकाळी आणि दोन पेल्यांनंतर बोलतात. स्पष्टच विचारते, झाकून ठेवण्याचं आपलं वय राहिलं नाही. चाखतेस का? आणि चाखत असशील तर किती?

माणसाला आपण काय बोललो ते आठवत नाही, याचं मला एकच कारण माहीत आहे. आमच्या यांचे एक मित्र होते, ते रोज रात्री कविता म्हणायचे आणि सकाळी ती कुणाची म्हणून आम्हालाच विचारायचे. तू एकटी, दुःखात, आणि भोवती एवढ्या बाटल्या. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलं, असं व्हायला वेळ लागत नाही. मर्कट तुला म्हणत नाही, मनाला म्हणते.

मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. आणि तुझ्या "काळजी नसावी"चा मला धसकाच आहे. दादा दवाखान्यात होता तेव्हाही तू तेच लिहायचीस.

तुझी नणंद

---

१६ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्ही पिण्याचा संशय घेतलात, राग आला नाही. उलट वाटलं, तेच असतं तर बरं होतं, सोडता तरी आलं असतं. मी थेंबभरही घेत नाही. दुकानात चाखायचं काम यांचं आणि गुंडाळायचं काम माझं, ही वाटणी मी अजून मोडलेली नाही.

खरं सांगते. वर दुकानात मी मीच असते. कागद, दोरी, पिशवी, सुटे पैसे. गिऱ्हाईक चांगली लाल वाइन मागतं, मी दिवा लावते, आम्ही जिना उतरायला लागतो. आणि मग मी वर आलेली असते. हातात बाटली, गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसू, माझा घसा कोरडा, खूप बोलल्यावर होतो तसा. मधलं काही नाही. झोपही म्हणता येत नाही, झोपेत स्वप्न तरी पडतं.

शेवटी दातांच्या डॉक्टरांनाच विचारलं की खाली मी काय बोलते. ते म्हणाले, सगळंच बोलता. आधी विचारता, बाटली कुणासोबत उघडणार? बायकोसोबत म्हटलं की एक काढता, साहेबांसोबत म्हटलं की दुसरी. मागच्या आठवड्यात ते म्हणाले की एकट्यालाच प्यायची आहे, तर मी दिलीच नाही. "आज नाही देत. उद्या कुणाला तरी घेऊन या, मग देतो." वन्सं, मी जन्मात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही. डॉक्टर भला माणूस आहे. जरा घुटमळले आणि हळूच म्हणाले, "खाली तुमचा आवाजसुद्धा जड होतो."

आणखीही आहे. जिना उतरताना मी आता डावा पाय आधी टाकते. यांचा डावा गुडघा दुखायचा म्हणून हे तसे उतरायचे. माझा गुडघा ठणठणीत आहे, पण जिन्यावर तो दुखतो. चष्मा सापडत नाही म्हणून शोधावं तर कपाळावर ढकललेला असतो. ही यांची सवय, मी त्यावरून यांना किती बोललेय.

थंडी सुरू झाली, कंबर उघडी टाकू नकोस. काठी नीट वापरतेस का, की कुणी आलं की लाजून पलंगाखाली सरकवतेस? मी ओळखत नाही का तुला. आणि डॉक्टर सांगतो त्यातलं निम्मं ऐकायची सवय सोड, सगळं ऐक.

असो. कुणाला तरी दाखवावं का, असं मनात येतं. दातांच्या डॉक्टरांच्या ओळखीत मनाचे डॉक्टर आहेत म्हणे. तुम्ही मात्र हे कुणाजवळ बोलू नका.

तुमची
वहिनी

---

२३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातल्या चार ओळी तू लिहिल्यास हे तुला माहीत आहे का? "कंबर उघडी टाकू नकोस" पासून "सगळं ऐक" पर्यंत. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला "तुम्ही" म्हणतेस, मी किती डोकं आपटलं तरी ऐकलं नाहीस. तेवढ्या ओळींत अक्षरही वेगळं आहे, उजवीकडे कललेलं, घाईचं. दादाचं.

आणि काठी मी खरंच पलंगाखाली सरकवते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दादा होता तेव्हा मला काठी नव्हती.

मी डोकं ठिकाणावर असलेली बाई आहे. भुताखेतांना मी घरात उभं करत नाही. तू दमली आहेस, खचली आहेस, त्याचं हे सगळं. पण वाचताना धस्स झालं, हे खोटं कशाला सांगू. मी येते. तिकीट काढलंय. दुकानाला कुलूप घालून, मनाच्या डॉक्टरांना दाखवून, तुला घेऊनच परत येणार. बॅग भरून ठेव.

तुझी नणंद

---

१९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. तुला न घेता. कुलूप लावायला निघालेली बाई किल्ली तुझ्याच हातात ठेवून आली, याचं तुला नवल वाटलं असेल. तिथे असताना मी काही बोलले नाही. समोर तोंड उघडेना, म्हणून लिहिते.

पहिले दोन-तीन दिवस मी दुकानात खुर्ची टाकून तुझ्यावर पहारा केला. तू शांतपणे बाटल्या गुंडाळत होतीस. मला वाटलं, माझ्या येण्यानेच निम्मं दुखणं गेलं. मग त्या दुपारी तू म्हणालीस, चला खाली, एकदा बघा तरी. मी कठडा धरून तुझ्या मागे उतरले. यंत्र शिट्ट्या मारत होतं म्हणून काढून वर टेबलावर ठेवलं होतं. म्हणजे त्या वेळी माझ्या कानाशी ढोल वाजला असता तरी मला तो लांबून आल्यासारखा वाटला असता.

तू पुढे गेलीस. फ्रान्सच्या बाजूची एक बाटली ओढलीस, तिच्या खांद्यावरची धूळ अंगठ्याने पुसलीस. फडकं तुझ्या खांद्यावर होतं, तरी अंगठ्याने. आणि पाठमोरीच म्हणालीस, "ठमे, जपून. शेवटची पायरी उंच आहे."

मला ते ऐकू आलं, वहिनी. स्वच्छ ऐकू आलं.

ठमी मला एकाच माणसाने म्हटलंय, आणि तेही मोठं झाल्यावर चारचौघांत नाही. मी आधी संतापले. म्हटलं, वहिनी, ही थट्टा बरी नव्हे. तू वळलीस, चष्मा कपाळावर. हसलीस. ते हसू कुणाचं होतं हे मला कुणी सांगायला नको.

तरी मी खात्री केली. लहानपणी मला अंधाराची फार भीती वाटायची. दादा आईच्या शिवणातला दोरा घ्यायचा, एक टोक त्याच्या बोटाला, दुसरं माझ्या पायाला. भीती वाटली की मी पाय हलवायचा, की तो तिकडून दोरा ओढायचा. आईलासुद्धा हे कधी कळलं नाही. मी विचारलं, दादा असशील तर सांग, दोरा कुठे बांधायचास? तू लगेच म्हणालीस, "डाव्या पायाच्या अंगठ्याला. उजव्याला बांधला की तू लाथा मारायचीस."

मी खोक्यावर बसले आणि रडले. मग आम्ही बराच वेळ बोललो. आईबद्दल, जुन्या घराबद्दल. मध्येच त्याने फ्रान्सच्या बर्गंडी वाइनबद्दल काहीतरी सांगितलं, की ती पाहुण्या मुलीसारखी आहे, मोठ्याने बोललं की गप्प बसते. मग आपण वर आलो. तू मला चहा दिलास आणि माझे डोळे का लाल झाले म्हणून विचारलंस. मी म्हटलं, धूळ गेली.

म्हणून सांगते, त्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. दुकान विकू नकोस. मी आधी काय काय लिहिलं ते विसरून जा, बायकांचं बोलणं म्हणून सोडून दे.

सोबत एक चिठ्ठी आहे. ती तुझी नाही. खाली जाऊन मोठ्याने वाच. तुला नंतर आठवणार नाही, तेव्हा दातांच्या डॉक्टरांना बरोबर घे. ते ऐकतील, तुला सांगतील, तू मला लिही. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी नणंद

(चिठ्ठी)

दादा, त्या दिवशी विचारायचा धीर झाला नाही. शेवटी माझी आठवण काढलीस का? की मी आले नाही म्हणून रागावून गेलास?
ठमी

---

२ जानेवारी

वन्सं,

पत्र आणि चिठ्ठी पोचली. खाली काय झालं ते तुमच्या पत्रातून कळलं. मी अजून चिठ्ठी वाचलेली नाही, घडी तशीच आहे.

परवा सकाळी मी घरी पाणी तापवलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आरशासमोर उभी राहिले. यांचा दाढीचा ब्रश माझ्या हातात होता. गालाला साबण लावला होता. वन्सं, हे तळघरात नव्हतं. माझ्या घरात, माझ्या न्हाणीघरात होतं. पूर्वी जिन्यावर हरवायची, आता कुठेही हरवते. दिवसाचा किती भाग माझा आणि किती यांचा, हे मला सांगता येत नाही. उद्या कदाचित काहीच माझं राहणार नाही.

तुम्ही मला न्यायला आला होतात. आता मी इथेच राहावं म्हणता. कुणासाठी?

वहिनी

---

१० जानेवारी

प्रिय दादा,

पाकिटावर वहिनीचं नाव टाकलंय, पोस्टमनला काय सांगणार. पण पत्र तुला आहे.

वहिनी घाबरली आहे. तिला त्रास देऊ नकोस. गरीब आहे बिचारी, आयुष्यभर तुझ्यापुढे चकार शब्द बोलली नाही. तिला म्हणावं, थोडे दिवस सोस. मला काही जन्माची सोबत नको आहे, मला एक उत्तर हवं आहे. डॉक्टरांनी मला धरून ठेवलं होतं रे, नाहीतर सरपटत आले असते. तू वाट बघितलीस का, एवढंच सांग. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, मी सहन करीन. न कळता मरणं मात्र माझ्याने होणार नाही.

वहिनी चिठ्ठी वाचत नसेल तर तिला जरा बाजूला सरकव आणि तूच वाच. उत्तर दिल्याशिवाय जाऊ नकोस.

तुझी
ठमी

---

२८ जानेवारी

वन्सं,

पाकिटावर माझं नाव होतं म्हणून उघडलं. आत माझी कीव होती, आणि शेवटी एक ओळ होती, जिथे मला बाजूला सरकवायला सांगितलं होतं.

त्या ओळीचा मला राग आला. इतका राग मला कधी आलेला आठवत नाही, आणि तो माझा होता, यांचा नव्हता. हे तुमच्यावर कधीच रागावले नाहीत. त्याच रागात मी भर दुपारी दुकानाचं दार लोटलं आणि खाली गेले. डॉक्टर नाहीत, कुणी नाही. एकाआड एक दोन्ही पाय टाकत उतरले. खोक्यावर बसून तुमची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

या वेळी मी हरवले नाही. प्रश्न असा होता की त्याचं उत्तर मलाच माहीत होतं, त्यामुळे मला तिथे हजर राहावं लागलं. आणि मी यांना येताना पाहिलं. म्हणजे वाक्य येताना पाहिलं. छातीतून वर आलं आणि जिभेवर येऊन बसलं. "ठमे, मी तुझीच वाट बघत होतो. तुझं नाव घेतच गेलो."

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. कारण मी तिथे होते, वन्सं. यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. शेवटचे दिवस हे मलाच ओळखत नव्हते. पाणी मागताना मला "अहो बाई" म्हणायचे, दवाखान्यातली कुणी समजून. तुमची वाट बघितली नाही, माझीही बघितली नाही. डोळे दिव्याकडे होते.

आणि हे खोटं बोलत नसत. बिघडलेली बाटली घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाचा हात धरून ठेवायचे. असा माणूस बहिणीला खोटं सांगेल? तेव्हा मला कळलं की खाली बोलतं ते कोण. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी बोलणार होते. इतके दिवस गिऱ्हाइकाला बरं वाटावं, दुकान चालावं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे यांचा आवाज कानावर पडत राहावा, म्हणून मीच बोलत होते. काठीचं मला कसं कळलं आणि यंत्र नसताना तुम्हाला कसं ऐकू आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधणारही नाही.

आता तुम्ही विचारलंत त्याचं खरं उत्तर देते, माझ्या तोंडून.

दवाखान्यातल्या पहिल्या आठवड्यात हे पूर्ण शुद्धीवर होते. मी त्यांच्या पलंगाखाली चटईवर झोपायची. पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, तुझ्या पिशवीत दुकानातली दोरी असेल, काढ. एक टोक स्वतःच्या बोटाला बांधून घेतलं आणि दुसरं माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधायला लावलं. "डाव्या. उजव्याला नको, ठमी उजव्याने लाथा मारायची." मी विचारलं, ठमी कोण? तर म्हणाले, इतक्या वर्षांत तुला सांगितलंच नाही होय? मग रोज सांगत राहिले. तुमची अंधाराची भीती, आईचा शिवणाचा डबा, तुम्ही झोपेत कसा पाय हलवायचात. मध्येच दोरी ओढायचे. मी दचकून उठायची, काय हवं विचारायची. म्हणायचे, "काही नको. आहेस ना, ते बघितलं."

तळघरात तुम्ही दोरा विचारलात आणि उत्तर बरोबर आलं, म्हणून तुम्ही तो दादा मानलात. अहो, ते मला तुमच्या जिवंत दादाने सांगितलं होतं. वाट नाही बघितली त्यांनी, कारण तुमची कंबर मोडल्याचं त्यांना ठाऊक होतं, तेच मला म्हणाले होते की माझं किती बिघडलंय ते तिला कळवत बसू नकोस, उठून यायला बघेल. म्हणून माझ्या पत्रांत "काळजी नसावी" असायचं. आठवण मात्र काढली. शुद्ध होती तोवर रोज काढली. रागाचा शब्दही नव्हता.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं, कारण अजून एक करायचं राहिलं होतं. काल दातांचे डॉक्टर आले. त्यांना फ्रान्सची बोर्दो हवी होती, सासुरवाडीला न्यायला. आम्ही खाली उतरलो. वाक्य तयार होतं, यांचं ठरलेलं. "बोर्दो म्हणजे जुना सरकारी अधिकारी. वेळ घेतो, पण सही करतो ती पक्की." मी ते गिळलं. म्हटलं, डॉक्टर, मला काही माहीत नाही. उघडून बघू या. ते बघतच राहिले. मी बुच काढलं, अर्धं मोडलं, तुकडे आत पडले. गाळून दोन पेल्यांत ओतली आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या दुकानातली वाइन तोंडात घेतली.

तुरट होती. चहा फार वेळ उकळला की होतो तशी, आणि मागून लोखंडाची चव. मी म्हटलं, "मला ही आवडली नाही."

यांची ती सगळ्यात लाडकी बाटली होती, वन्सं. डॉक्टर पेला हातात धरून थांबले, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. मीही थांबले. तुम्हाला काय सांगू, मला वाटत होतं की हे उसळून येतील, मला अडाणी म्हणतील, हातातला पेला काढून घेतील. मी मनातून वाटच बघत होते. कुणी काही बोललं नाही. डॉक्टर बाटली न घेताच वर गेले.

मग मी खाली बसून रडले. दवाखान्यात रडले नव्हते, घरी आणलं तेव्हा नाही, नंतरही नाही. सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे. धीर कसला, माझ्यासाठी हे गेलेच नव्हते. ते काल गेले. मी जाऊ दिले.

आज दुकान उघडलंय. शांत आहे. जिन्यावर गुडघा दुखत नाही. गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे. मी एकेक बाटली चाखून शिकेन, नाहीच जमलं तर तुमच्या वरच्या खोलीत येईन, पण ते मी ठरवीन.

तुम्ही या. यांना ऐकायला येणार असाल तर येऊ नका, ते इथे नाहीत. मला भेटायला या. तुमचा दादा गेला आणि माझा नवरा गेला, आणि अजून आपण दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलेलो नाही. माझ्याने ते एकटीने होत नाही.

तुमची
वहिनी